रोबो असाच का काढला? : कन्सेप्ट आर्टच्या समर्थनाला सिद्धांत कुठून आणायचे

जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ हा रोबो सीलच्या पिल्लासारखा केला, कारण सील कुणी पाळलेला नसतो. त्याआधी त्यांनी मांजराच्या रूपातला रोबो करून पाहिला होता. पण मांजर सगळ्यांच्या ओळखीचं. ते अंग कसं चोरतं, शेपटी कशी हलवतं, हे माणसांना इतकं पाठ असतं की यंत्रातलं उणं लगेच ध्यानात येई. हार्प सीलचं पांढरं, गुबगुबीत पिल्लू मात्र गोंडस वाटतं आणि त्याच्याशी ताडून पाहावं असा अनुभव कुणाच्या गाठीशी नसतो. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांच्या सोबतीला हा पारो अनेक देशांत वापरला जातो. एखाद्या आकाराचं समर्थन कसं करावं याचा इतका नेटका नमुना मला दुसरा माहीत नाही. कोणते पर्याय होते, कोणता नाकारला आणि का, हे सगळं त्यात दोन-तीन वाक्यांत येतं.

सिनेमा, गेम किंवा ॲनिमेशनसाठी रोबोंची कन्सेप्ट आर्ट करणाऱ्याला ही सोय नसते. शिबातांना माणसांच्या हाती यंत्र देऊन पाहता आलं. चित्रकाराचा रोबो कागदावर किंवा पडद्यावरच राहतो. तरी प्रश्न तेच येतात. पवईच्या आयआयटीतलं, १९६९ साली सुरू झालेलं आयडीसी हे डिझाइन केंद्र असो किंवा पुण्यातली डिझाइन महाविद्यालयं, ज्युरीसमोर उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच : बोटं तीनच का? डोळा एकच का? खांदे एवढे रुंद कशाला? ‘छान दिसतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. मग विद्यार्थी सिद्धांताच्या शोधात निघतो आणि बहुतेक वेळा चित्र पुरं झाल्यावर निघतो. लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवून घ्यावी तसा हा प्रकार.

मला तो सरसकट अप्रामाणिक वाटत नाही. हात आधी चालतो आणि कारण मागाहून सापडतं, हे कलेत नेहमीचंच. मागाहून सापडलेलं कारण खरं की चिकटवलेलं, हे ओळखायला मी एकच कसोटी लावतो : या सिद्धांतानं तुमच्या वहीतलं एखादं दुसरं रेखाटन बाद केलं असतं का? सगळ्याच थंबनेलना तो सारखाच लागू पडत असेल, तर त्यानं हे एक निवडलं असं म्हणता येत नाही. या कसोटीवर प्रचलित सिद्धांतांपैकी काही टिकतात, काही लंगडतात, आणि सर्वांत लाडका सिद्धांत सर्वांत जास्त लंगडतो.

तो म्हणजे मासाहिरो मोरी यांची ‘अनकॅनी व्हॅली’. मोरी टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक होते. १९७० साली ‘एनर्जी’ नावाच्या एका जपानी नियतकालिकात त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतशी आपली आपुलकी वाढते, मात्र अगदी माणसाच्या जवळ पोचल्यावर ती एकदम कोसळते आणि अंगावर काटा येतो, असं त्यात मांडलं होतं. सोबतच्या आलेखात औद्योगिक रोबो, खेळण्यातला रोबो, कृत्रिम हात, प्रेत आणि बुनराकू नाट्यातली बाहुली अशी ठिकाणं दाखवलेली होती. हा आलेख कुठल्याही मोजणीतून आलेला नव्हता. तो एका अनुभवी अभियंत्याचा अंदाज होता, आणि त्यानं तो अंदाज म्हणूनच मांडला होता.

आज जवळजवळ प्रत्येक प्रकल्प-अहवालात हा आलेख असतो आणि त्याखाली ठरलेलं वाक्य असतं : दरी टाळण्यासाठी आमचा रोबो माणसासारखा केलेला नाही. पण चाकावर चालणारा डबा, आठ पायांचा कोळी आणि उडती तबकडी, तिन्हींना हे वाक्य जसंच्या तसं लावता येतं. मग त्यातला डबाच का निवडला? मूळ निबंधात मोरी यापुढे गेले आहेत. दरीपलीकडच्या दुसऱ्या शिखराच्या मागे लागू नका, अलीकडच्या पहिल्यावर थांबा, असं डिझायनरला सांगताना त्यांनी दोन उदाहरणं दिली आहेत : डोळ्यांसारखा मुळीच न दिसणारा तरी चेहऱ्याला शोभणारा चष्मा, आणि बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिरानं कोरलेला लाकडी हात. नक्कल सोडायची, पण सौंदर्याचा आग्रह सोडायचा नाही, असा त्या सल्ल्याचा रोख आहे. या भागाचा आधार घेणारा अहवाल क्वचितच दिसतो. निबंधाचा अधिकृत इंग्रजी अनुवाद २०१२ पासून उपलब्ध आहे आणि तो वाचायला अर्धा तासही लागत नाही.

नंतरच्या प्रयोगांनी मोरींना अर्धंमुर्धं दुजोरा दिला. माथूर आणि राइशलिंग यांनी २०१६ साली ८० खऱ्या रोबोंचे चेहरे लोकांना दाखवले, तेव्हा पसंतीत तशी दरी आढळली. कात्सिरी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली तोवरचे पुरावे एकत्र तपासले, तेव्हा मूळ सरळसोट मांडणीला आधार तोकडा निघाला. जास्त बळ मिळालं ते विसंगतीच्या कल्पनेला. चेहऱ्याची कातडी माणसाची आणि डोळे बाहुलीचे, असं झालं की बिनसतं. चित्रकाराच्या कामाचा भाग हाच आहे, कारण तो रेखाटन बाद करू शकतो. धातूच्या डोक्यावर ओलसर, पापण्यांचे, खऱ्या माणसाचे डोळे काढले असतील, तर विसंगतीचा निष्कर्ष त्याकडे बोट दाखवतो. नुसती ‘दरी’ दाखवत नाही.

दुसरा लाडका विषय म्हणजे शेप लँग्वेज. गोल म्हणजे प्रेमळ, चौकोन म्हणजे भरवशाचा, त्रिकोण म्हणजे धोकेबाज. ॲनिमेशन स्टुडिओंत ही परिभाषा रुळलेली आहे आणि उपयोगीही आहे. पिक्सारच्या ‘अप’मधला (२००९) हट्टी म्हातारा कार्ल चौकोनी आहे, हे शाळकरी मुलालाही दिसतं. पण तिला विज्ञानाचा आधार द्यायला निघालं की गडबड होते. बार आणि नेटा यांच्या २००६ च्या प्रयोगात लोकांनी टोकदार वस्तूंपेक्षा त्याच वस्तूंची गोलसर रूपं पसंत केली. एवढा आधार घेता येतो. पुष्कळ जण मात्र ‘बुबा-किकी’ आणून बसवतात. क्योलर यांनी १९२९ साली सुरू केलेली आणि रामचंद्रन व हबर्ड यांनी २००१ साली नव्यानं मांडलेली ती चाचणी आवाज आणि आकार यांच्या नात्याबद्दल आहे. टोकदार आकाराला लोक ‘किकी’ म्हणतात, यावरून तो खलनायक ठरत नाही. शेप लँग्वेजला स्टुडिओतला संकेत म्हणावं आणि संकेत म्हणूनच वापरावं. त्यात काही कमीपणा नाही.

चेहऱ्याबद्दल हाताशी बरंच पक्कं काही आहे. डीसाल्वो, जेम्परले, फोर्लिझी आणि कीस्लर यांनी २००२ साली रोबोंची ४८ डोकी घेऊन, चेहऱ्यावरच्या कुठल्या गोष्टींमुळे ती माणसासारखी वाटतात हे शोधलं. नाक, पापण्या आणि तोंड यांचा वाटा मोठा निघाला. चित्रकारासाठी ही सरळ मोजपट्टी आहे : माणूसपण वाढवायचं तर पापणी द्या, कमी करायचं तर नाक काढा. २०१८ साली फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या ‘एबॉट’ या संग्रहात तेव्हा २०० रोबोंची चित्रं आणि त्यांच्या माणूसपणाचे गुण होते. आपला रोबो या रांगेत कुठे बसतो ते तिथे पडताळता येतं. त्याच्या जोडीला कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली मांडलेली बाळरूपाची कल्पना आहे : मोठं डोकं, मोठे नि खाली सरकलेले डोळे, फुगीर गाल दिसले की मोठ्यांच्या मनात माया दाटते. मिकी माउस वर्षानुवर्षं कसा बाळरूपाकडे सरकत गेला, यावर स्टीफन जे गुल्ड यांनी १९७९ साली लिहिलेला निबंध अजूनही ताजा वाटतो.

तरी चेहऱ्याची उत्तम उत्तरं सिद्धांतातून आलेली दिसत नाहीत. ‘वॉल-ई’चे (२००८) डोळे दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांना बेसबॉलच्या सामन्यात हाती आलेल्या दुर्बिणीत सापडले. दुर्बीण वाकवली की ती दुःखी दिसते, उलटी वाकवली की रागावलेली. ‘बिग हिरो ६’मधल्या (२०१४) बेमॅक्सचा चेहरा जपानी मंदिरातल्या घंटेवरून आला : दोन टिंबं आणि त्यांना जोडणारी रेघ. त्याचं फुगवलेलं अंग आलं कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मऊ, हवा भरलेल्या रोबो-हातावरून. रुग्णांना हाताळणारं यंत्र लागलं तरी इजा होऊ नये, हा त्या संशोधनाचा हेतू होता. बेमॅक्स हा शुश्रूषा करणारा रोबो असल्यामुळे तिथे आकार, कथा आणि तंत्रज्ञान एकाच कारणावर येऊन मिळतात. असा योग रोज येत नाही. पण त्यासाठी प्रयोगशाळेत जाऊन डोळे उघडे ठेवावे लागतात, हे कोणत्याही संदर्भसूचीत लिहिलेलं नसतं.

माझ्या मते समर्थनाचा सर्वांत भक्कम लेख गेमच्या दुनियेतून आला आहे आणि तो मुळात रोबोंबद्दल नाहीच. ‘टीम फोर्ट्रेस २’च्या चित्रशैलीवर जेसन मिचेल, मोबी फ्रँकी आणि धाबिह एंग यांनी २००७ साली शोधनिबंध लिहिला. खेळाडूनं समोरचा कोण हे क्षणात ओळखलं पाहिजे, हा त्यांचा धागा. आधी संघ रंगावरून, मग पात्राचा प्रकार सिलुएटवरून, मग हातातलं शस्त्र. म्हणून नऊही पात्रांच्या बाह्याकृती एकमेकींपासून वेगळ्या, आणि रंगछटांचा सर्वांत मोठा फरक छातीच्या उंचीवर, कारण शस्त्र तिथे धरलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जाहिरात-चित्रकारांचा, विशेषतः लायेंडेकर यांचा प्रभावही त्यांनी लपवलेला नाही. गेल्या शंभर वर्षांतली चित्रं, डोळ्याचं मानसशास्त्र आणि खेळाची गरज हे सगळं एकाच निर्णयामागे कसं उभं करता येतं, ते इथे शिकावं. पुढे २०१२ साली याच गेममध्ये त्या नऊ पात्रांच्या रोबो-प्रती शत्रू म्हणून आल्या. धातूचं अंग आणि बिजागऱ्यांचे सांधे आले, तरी सिलुएट तीच राहिली आणि खेळाडूंनी त्यांना लगेच ओळखलं. सिद्धांताची याहून चांगली परीक्षा कुणाला मुद्दामही घेता आली नसती.

ॲम्स्टरडॅमच्या गरिला गेम्सनं ‘होरायझन झिरो डॉन’मध्ये (२०१७) हीच वाट वेगळ्या अंगानं चोखाळली. तिथली यंत्रं जनावरांच्या रूपात आहेत, त्यामुळे कुठलं चरणारं आणि कुठलं झडप घालणारं, हे सांगावं लागत नाही. शिवाय त्यांच्या डोळ्यांतला उजेड निळा असेल तर ते निवांत, पिवळा असेल तर सावध, लाल असेल तर पळा. रंगाच्या सिद्धांताचा मला पटणारा वापर एवढाच : त्या खेळापुरता ठरवलेला संकेत. लाल म्हणजे आक्रमक, निळा म्हणजे शांत अशी रंगांची जी सर्वसाधारण कोष्टकं फिरत असतात, त्यांच्यात वेळ घालवू नये.

आता उपयोगितेकडे. रूप कामातून यावं, हे लुई सलिवन यांचं १८९६ सालचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, आणि म्हणूनच ते फारसं काही सिद्ध करत नाही. त्यात आकडे भरले की त्याला धार येते. होंडाचा १९९६ सालचा ‘पी २’ १८२ सेंटिमीटर उंच आणि २१० किलो वजनाचा होता. २००० सालचा ‘असिमो’ १२० सेंटिमीटरचा झाला, कारण घरातल्या विजेच्या बटणांपर्यंत आणि दाराच्या मुठीपर्यंत हात पोचायला तेवढी उंची पुरते आणि बसलेल्या माणसाला तो धाक घालत नाही. इस्रोनं २०२० साली बंगळुरात दाखवलेल्या ‘व्योममित्रा’ला पाय नाहीत, यानात तिचं काम पॅनेल आणि बटणांशी आहे, तिला चालायचं नाही. आपल्या काल्पनिक रोबोचं दार, खुर्ची, जिना आधी काढला की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

इथेच मानसशास्त्रज्ञ गिब्सन यांच्या ‘अफोर्डन्स’चा हमखास गैरवापर होतो. वस्तू काय करू देते, याबद्दलची ती १९७९ च्या पुस्तकातली कल्पना डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली डिझाइनमध्ये आणली. लोक तिचा वाटेल तसा अर्थ लावू लागले, तेव्हा वस्तूवर दिसणाऱ्या खुणांसाठी नॉर्मन यांनी ‘सिग्निफायर’ हा वेगळा शब्द पुढे केला. चित्रातल्या रोबोची मूठ कुणी धरणार नसतं. ती धरता येईलशी दिसते एवढंच. म्हणून कन्सेप्ट आर्टला नॉर्मन यांचा दुसरा शब्द जास्त लागू पडतो. क्रिपेनडॉर्फ आणि बुटर यांनी १९८४ साली मांडलेली ‘प्रॉडक्ट सिमँटिक्स’, म्हणजे आकारातून वस्तू स्वतःबद्दल काय सांगते याचा विचार, हा तर या कामासाठीच बेतल्यासारखा आहे. विद्यार्थी त्याच्याकडे का वळत नाहीत, हे मला कोडं आहे.

नवं किती आणि ओळखीचं किती, या प्रश्नावर रेमंड लोवी यांचं ‘माया’ तत्त्व आहे : लोकांना पचेल त्या मर्यादेपर्यंत जास्तीत जास्त पुढचं द्यावं. हेकर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रयोगांतून त्याला आधार दिला. त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण सिनेमाच्या इतिहासातच आहे. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’मधली (१९२७) यंत्रस्त्री शिल्पकार वॉल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ यांनी अभिनेत्री ब्रिगिटे हेल्मच्या अंगाच्या साच्यावर घडवली. पन्नास वर्षांनी राल्फ मॅकक्वारी यांनी ‘स्टार वॉर्स’साठी तिलाच पुरुषी वळण देऊन सी-थ्रीपीओ उभा केला. प्रेक्षकाला ती ओळख जाणवते, नेमकी जागा आठवो न आठवो. उलट ‘इंटरस्टेलर’मधला (२०१४) टार्स हा चार पट्ट्यांचा उभा ठोकळा. चेहरा नाही, हातपाय नाहीत, आणि तरी बिल अर्विन यांच्या आवाजामुळे आणि त्यांनी तो ज्या ढंगात चालवला त्यामुळे तो त्या सिनेमातला सर्वांत माणूसवेडा सोबती होतो. नुसत्या हालचालीतून जीव कसा भरतो, हे हायडर आणि सिमेल यांनी १९४४ सालीच दाखवलं होतं : त्रिकोण आणि वर्तुळ पडद्यावर फिरवले तर बघणारे भांडण, पाठलाग आणि भीतीची गोष्ट सांगू लागले. टार्सच्या बाजूनं बोलायचं तर हा आधार घ्यावा. स्थिर चित्रात मात्र तो पुरत नाही. सोबत चालीची चार-सहा रेखाटनं जोडावी लागतात.

सिद्धांताच्या पुस्तकांत न सापडणारी कारणंही असतात आणि ती लपवण्याकडे कल असतो. ‘मोबाइल सूट गुंडम’ (१९७९) ही मालिका खेळणी बनवणाऱ्या क्लोव्हर कंपनीच्या पैशावर उभी होती. कुनिओ ओकावारा यांनी काढलेल्या त्या १८ मीटर उंच यंत्राचे लाल-निळे-पिवळे भडक रंग युद्धभूमीला मुळीच शोभत नाहीत. ते दुकानाच्या फळीला शोभतात. ओकावारा तर आपली यंत्रं खरोखर जुळतात-सुटतात हे प्रायोजकांना दाखवायला लाकडी नमुने करत. डग्लस ट्रम्बुल यांच्या ‘सायलेंट रनिंग’मधले (१९७२) तीन बुटके रोबो ज्या प्रमाणात आहेत, ते पाय नसलेल्या कलाकारांच्या अंगावरून आलं आहे, ते आत हातांवर चालत होते. ‘स्टार वॉर्स’मधल्या आर-टू-डी-टूची उंची त्याच्या आत बसणाऱ्या केनी बेकर यांच्या उंचीशी बांधलेली. आपल्याकडे ‘एंदिरन’मधल्या (२०१०) चिट्टीचा चेहरा कोणत्या सिद्धांतानं ठरला, हे विचारायची गरजच नाही, तो सिद्धांत रजनीकांत. आतला माणूस, खेळण्याचा साचा, अंदाजपत्रक, नटाचा चेहरा ही खरी कारणं आहेत आणि ज्युरीपुढे ती सांगायला संकोच वाटू नये.

उरतात ती कारणं, जी चित्रकारानं दिलेलीच नसतात पण बघणारा वाचतो. आयसेल आणि हेगेल यांनी २०१२ साली एकाच रोबोला लांब आणि आखूड केस लावून दाखवले. लांब केसांचा रोबो लोकांना अधिक प्रेमळ आणि घरकाम, शुश्रूषेला योग्य वाटला. आखूड केसांचा यंत्रदुरुस्तीला. बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की रोबोच्या आवरणाचा रंग गडद केला तर माणसांबाबतचे वर्णद्वेषी पूर्वग्रह त्यालाही चिकटतात. केव्ह आणि डिहाल यांनी २०२० साली यंत्रबुद्धीच्या चित्रांतल्या सर्रास पांढरेपणावर लिहिलं. या अभ्यासांचा उपयोग समर्थनापेक्षा उलटतपासणीला होतो. नर्स-रोबोची कंबर बारीक का, या प्रश्नाला ‘सिलुएट वाचनीय व्हावी म्हणून’ हे उत्तर देणाऱ्याला ज्युरीनं तिथेच थांबवावं.

सिद्धांत नंतर सापडला तर काय, या पेचावर डिझाइन-संशोधनानं स्वतःच वाट काढली आहे. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली दाखवलं की रेखाटताना कागद उलट बोलतो आणि विचार तिथेच घडतो. ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कलेविषयीचं, कलेसाठीचं आणि कलेतून होणारं संशोधन वेगळं केलं. गेव्हर आणि बॉवर्स यांनी २०१२ साली ‘अनोटेटेड पोर्टफोलिओ’ सुचवला : कामांचा संग्रह, त्यावर टिपणं, आणि एका कामाचं दुसऱ्याशी नातं दाखवणारे शेरे. कन्सेप्ट आर्टला या सगळ्यांत हाच प्रकार सर्वांत जवळचा आहे, कारण तो चित्रांना बाजूला सारून स्वतंत्र प्रबंध मागत नाही.

तो करायचा तर एका गोष्टीशिवाय होत नाही. विद्यार्थ्यांनो, बाद केलेली रेखाटनं टाकून देऊ नका. प्रत्येकावर त्याच दिवशी तारीख आणि एक ओळ घाला : हे का सोडलं. अंतिम चित्राशेजारी अशी सहा बाद रेखाटनं आणि सहा ओळी लावल्यात, तर मोरींच्या आलेखाला अहवालात जागा उरणार नाही, आणि त्याची गरजही भासणार नाही.